मावशीच्या बॅजवर आत गेलेली बाई

ही गोष्ट निघाली की आमच्या घरात गप्पा थांबतात. मावशी उठून आत जाते. म्हणून तिच्या माघारी सांगतोय. एक अक्षरही पदरचं घातलेलं नाही.

रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. भरदुपार होती. डॉक्टरांची मोठी परिषद, तिचा दुसरा दिवस, आणि सभागृहाचं मागचं प्रवेशद्वार.

मावशीचं काम तिथे बॅज तपासायचं. प्रत्येकाच्या गळ्यात निळी पट्टी, तिला बॅज. मशीनला लावला की टीं, हिरवा दिवा, जा आत. बॅज नसेल तर अध्यक्षांचा सासरा का येईना, बाहेर! "ताईंच्या दारातून माशीसुद्धा बॅज घालून जाते," असं सोबतचे म्हणायचे.

पण त्या दिवशी तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

आठ वर्षांची लेक घरी तापाने फणफणलेली. काका फिरतीवर. शेजारच्या काकू अधूनमधून डोकावणार होत्या, एवढाच काय तो आधार. निघताना लेकीने हात सोडला नव्हता.

"आई, आज उजेड असताना ये ना. रोज अंधार करतेस."

"येते गं. अगदी शब्द."

असे शब्द मावशीने आधीही दिले होते.

जेवणाची सुट्टी संपली. सगळे आत गेले. दारात शुकशुकाट झाला...

आणि समोर एक बाई उभी होती.

पावलं वाजली नाहीत. सावकाश चालत आली म्हणावं, तर येताना दिसलीच नाही. हात मात्र गळ्याशी, काहीतरी हरवल्यासारखा.

"बॅज?" मावशीने विचारलं.

"नाहीये. जाऊ द्या ना आत."

आवाज बसलेला. दिवसभर बोलून मावशीचाही तसाच बसला होता.

"नाही जमायचं. नाव सांगा, नवीन काढून देते."

बाईने नाव सांगितलं नाही. मावशीकडे बघत राहिली.

"घरी कुणी वाट बघतंय तुमची?"

"लेक. आजारी आहे."

"मग जात का नाही?"

"सोडलं तर जाईन ना!" मावशी वैतागली. तेवढ्यात फोन थरथरला. काकूंचा निरोप होता, ताप वाढलाय.

समोरची ब्याद तरी टळावी म्हणून मावशीने कधी न केलेली गोष्ट केली. स्वतःच्या गळ्यातला बॅज मशीनला लावला.

टीं. हिरवा दिवा.

"जा एकदाच्या."

बाई अगदी अंगाला घासून गेली. पण अंगाला काही लागलं नाही...

पलीकडच्या मशीनवरचा सोबती हसला. "ताई, कुणाला आत सोडलंत? वाऱ्याला?"

मावशीने लगेच साहेबांकडे सुट्टी मागितली. "कार्यक्रम संपू दे," साहेब म्हणाले. कार्यक्रम लांबत गेला. बाहेर अंधार पडला.

निघताना कर्मचाऱ्यांनाही बॅज लावावा लागतो. मावशीने लावला.

लाल दिवा.

पुन्हा लावला... लाल.

सोबत्याने मशीनच्या पडद्यावर वाकून पाहिलं. "ताई, हे म्हणतंय तुम्ही केव्हाच बाहेर पडलात. उजेड असतानाच."

बॅज तर दिवसभर गळ्यातच होता. मावशी धावतच सुटली.

जिन्यात काकू भेटल्या.

"अगं, परत कुठे गेली होतीस? दुपारीच तुला वर जाताना पाहिलं, म्हणून मी निर्धास्त झाले. हाक मारली तर वळलीसुद्धा नाहीस."

मावशीने भराभर जिना चढला.

दार नुसतं लोटलेलं. दिवे लागलेले. लेक गादीवर बसली होती. कपाळ गार होतं, ताप पार उतरलेला. आणि केसांच्या दोन वेण्या, घट्ट, नेटक्या. मावशीला सकाळच्या घाईत एक कशीबशी जमायची.

"वेण्या कुणी घातल्या गं?"

"असं काय करतेस? तूच ना! उजेडात आलीस, डोकं चेपलंस, गोष्ट सांगितलीस. आत्ता पाणी आणायला आत गेलीस." लेक गोंधळून बघू लागली. "मग दारातून कशी आलीस?"

स्वयंपाकघरात नळ चालू होता...

मावशी भिंतीला धरत आत गेली. कुणी नव्हतं. नळाखाली पेला भरून वाहत होता.

वेण्यांच्या टोकांना रिबिनी नव्हत्या. निळी पट्टी होती, कापून दोन तुकडे केलेली. मावशीने आपल्या गळ्याला हात लावला. तिची पट्टी जागच्या जागी होती.

मावशीने ते काम सोडलं. ते तुकडे जाळले. आता ती उजेड असतानाच घरी असते.

परवा मी तिथेच होतो. लेक मावशीसमोर कंगवा घेऊन बसली.

"आई, त्या दिवशीसारख्या वेण्या घाल ना."

"मला तशा नाही येत गं."

लेक तिच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली,

"मग ती आई परत कधी येणार?"

मावशीने उठून दाराला कडी लावली. बाहेर अजून चांगला उजेड होता.