अर्ध्या इंचाचा नट

"हा कार्बोरेटर जुना नाही. गाडी बाद!"

सकाळी आठला नियमकाकांनी तपासणीच्या टेबलापाशी एवढं जाहीर केलं आणि सगळी शेड टेबलाभोवती गोळा झाली.

तपासनीस खडू घेऊन उभा होता. उभा जन्म लेथवर गेलेला माणूस. कुठलीही गोष्ट घासून बघितल्याशिवाय सोडायचा नाही, म्हणून लोक त्याला कानस म्हणायचे. बाद गाडीच्या टाकीवर फुली मारायची, हे त्याचं काम.

पण टाकीवर आधीच एक हात येऊन बसला होता. गाडीच्या मालकिणीचा, वेल्डरताईचा.

"फुली मारायची तर माझ्या हातावर मारा, कानसदादा. गाडी इथून हलणार नाही."

आता मोटारसायकलची ट्रायल म्हणजे काही शर्यत नव्हे. दगडधोंड्यांतून, चिखलातून पाय न टेकवता गाडी काढायची. जुन्या गटात साठ सालाआधीचीच विलायती गाडी चालायची, आणि तीही जशीच्या तशी. ताईच्या बापानं त्याच काळात आपल्या गाडीची फ्रेम कापून आखूड केली होती. वर फ्रेमवर ठोकून लिहिलं होतं, 'कापली मीच, जोडली मीच.' त्यापायी ती गाडी कायम दाराबाहेर. चार वर्षं भांडून ताईनं नियम बदलून घेतला. बदल चालेल, पण त्या काळातल्या मालानं. लपवायचा नाही. आणि पुढच्या हंगामापासून प्रत्येक गाडी उघडून बघायची.

त्या नियमाखालची ही पहिलीच स्पर्धा, आणि टेबलापाशी बापाची तीच गाडी.

"बघितलंत?" नियमकाका मंडळाचे अध्यक्ष. "बोट दिलं की हात धरतात. संध्याकाळच्या सभेत हा नियमच रद्द करतो."

कानसनं खडू खिशात टाकला. "काल गाडीवर कुठला कार्बोरेटर होता, ताई?"

"बापाचा. पितळी. संध्याकाळी मीच साफ करून बसवला."

"शेडला कुलूप होतं?"

"होतं. किल्ल्या दोघांकडे. एक काकांकडे, एक डॉक्टरांकडे."

दाताचा डॉक्टर म्हणजे मंडळाचा सचिव. दर वर्षी खुल्या गटात ताईच्या मागे दुसरा येणारा.

"माझ्याकडे काय बघता?" तो उखडला. "मी दात काढतो, कार्बोरेटर नाही!"

कानस गुडघ्यावर बसला. कार्बोरेटर दोन नटांवर होता. दोन्ही नटांचे कोपरे झिजलेले. झीज ताजी, चकचकीत.

"हे तुझ्या हातून झालं?"

"नटाचे कोपरे खाल्ले असते तर बापानं वरून खाली येऊन कानाखाली काढली असती. माझी पेटी बघा. सगळे इंची पाने."

"काका, नियम वाचा बरं एकदा."

काकांनी काखेतून पुस्तक काढलं. खांद्याला चामडी पिशवी होती, चेन गळ्यापर्यंत लावलेली. ते मोठ्यानं वाचत होते तेव्हा कानसनं पुस्तकावर वाकून नाक चोळलं.

"ठीक. आता हा नवा खोलू. पाना द्या कुणीतरी."

दोन हात पुढे आले. डॉक्टरचा पाना काळा पडलेला, अर्ध्या इंचाचा. काकांचा चकाचक. "घ्या, तेराचा. माझ्या गाडीचाच आहे."

कानसनं दोन्ही घेतले, पण खोललं काहीच नाही. काकांच्या झगमगत्या गाडीला एक चक्कर मारून परत आला.

"काका, तुमची गाडी कारखान्यातून निघाली तशीच ना?"

"एक नट बदललेला नाही!"

"मग ऐका. या गटातल्या सगळ्या गाड्या इंचात बनल्या. मिलिमीटर त्यांच्या गावीही नव्हता. हा नट अर्ध्या इंचाचा. डॉक्टरांचा पाना यावर गच्च बसतो. तेरा मिलिमीटरचाही बसतो, पण केसभर सैल. जोर दिला की कोपरे खातो. इथं खाल्लेत. जुन्या गाडीवर हात बसलेला माणूस झोपेतसुद्धा तेराचा लावणार नाही. लावेल कोण? ज्याच्या हातात कायम तेराचाच असतो."

त्यानं तोच पाना काकांच्या गाडीच्या नटावर टेकवला. खट्. गच्च बसला.

"मिलिमीटरचे नट, काका. सगळे. टाकीवरचं नाव तेवढं जुनं. ताईचा नियम टिकला तर पुढच्या हंगामात ही उघडावी लागणार. म्हणून ताईलाच खोटी पाडायची, आणि तिच्यासोबत नियमही."

"जीभ उचलून टाळ्याला लावू नकोस! पुरावा?"

"तुमच्या पुस्तकाला पेट्रोलचा वास येतोय. इतकी वर्षं ते पिशवीत राहायचं. आज काखेत का आलं? आत कोण झोपलंय? उघडा चेन."

काकांनी पिशवी छातीशी धरली. डॉक्टरनं चेन ओढली. आत पितळ चमकलं.

ताई आरडाओरडा करेल असं सगळ्यांना वाटलं. तिनं कार्बोरेटर चिंधीनं पुसला, डॉक्टरचा पाना मागून घेतला आणि नवा काढून जुना बसवला. मग मान वर केली.

"बदल केलात त्याचं काही नाही, काका. माझ्या बापानंही केला. त्यानं वर सही ठोकली. तुम्ही पॉलिश मारलं."

एका किकमध्ये गाडी धडधडली. "बाजूला व्हा! सभेला येतेच आहे संध्याकाळी."

कानसनं खडू काढला आणि काकांच्या टाकीवर फुली मारायला गेला. पहिल्यांदा खडू घसरला.

रंग फारच नवा होता.