सतरा नंबरचा बिल्ला

ही गोष्ट खरी आहे. माझं त्यात तिखटमीठ नाही. जिच्यावर ती वेळ आली ती माझी मावशी, आणि थापा मारण्याइतकी सवड तिला जन्मात मिळालेली नाही.

मावशी पावसाळी गटाराच्या गेटवर कामाला. शहरातलं पावसाचं पाणी भुयारातून नदीत जातं. पण नदी फुगली की तेच पाणी उलटं फिरून घरांत शिरतं. म्हणून नदी लाल खुणेला टेकली की लोखंडी गेट खाली सोडायचं. हाताने चाक फिरवून... चौसष्ट फेरे.

त्याआधी नियम दोन. भुयारात उतरणाऱ्याने आपला बिल्ला बाहेर खिळ्याला अडकवायचा. आणि गेट सोडणाऱ्याने आत तीनदा हाक मारायची.

त्या दिवशी दुपारी चारलाच अंधारून आलं. नदी खुणेला टेकली. गेटमागच्या पहिल्याच गल्लीत, तळमजल्यावर, मावशीची लेक आठ दिवसांच्या बाळाला घेऊन निजली होती.

खिळे सगळे रिकामे होते.

"आत कोण आहे का?"

काही नाही.

दुसरी हाक.

काही नाही... पाण्याचा आवाजसुद्धा नाही.

तिसऱ्या हाकेला आतून उत्तर आलं.

"थांब... मी आहे."

शेजारी उभे असलेले पंपवाले काका पांढरेफटक पडले. "ताई, गेट सोडू नका. माणूस आहे आत."

"बिल्ला कुठाय?" मावशी भुयारात ओरडली.

तिने वाकून कान दिला.

"बिल्ला लावायला नको आणि वर मलाच थांब म्हणे. शिडी आहे, चढून ये. वीस आकडे मोजते."

काकांनी बॅटरी मारली. शिडी रिकामी.

एक... दोन... तीन...

आतूनही कोणीतरी मोजत होतं. मावशीच्याच आवाजात.

नदी खुणेच्या वर गेली होती.

"माझाच आवाज काढून मला अडवतोस होय," ती म्हणाली, आणि वीस होताच चाकाला भिडली.

साठाव्या फेऱ्याला चाक जड झालं... खालून कोणी धरावं तसं. मावशीने भिंतीला पाय लावला आणि उरलेले चार फेरे शिव्या देत ओढले.

गेट बसलं. गल्ली कोरडी राहिली.

दुसऱ्या दिवशी नदी उतरली, गेट उचललं. आत नुसता चिखल. पावलाचा ठसा नाही. काका सुटल्यासारखे हसले.

मग त्यांना खिळा दिसला.

त्याला एक बिल्ला लटकत होता... ओला. नंबर सतरा.

सतरा नंबर मावशीचा. तो कायम दोरीत ओवून तिच्या गळ्यात असायचा. तिने चाचपलं. दोरी होती, गाठ तशीच होती. बिल्ला नव्हता.

खिळ्याला बिल्ला, म्हणजे माणूस आत.

मावशीने तो काढला, बाहीला पुसला, पुन्हा गळ्यात घातला. "मी बाहेर आहे," तिने भुयाराला ठणकावून सांगितलं.

याला नऊ वर्षं झाली. पुढच्या महिन्यात ती निवृत्त होते. ऑफिसातून निरोप आलाय, शेवटच्या दिवशी बिल्ला खिळ्याला लावून जा, नवा माणूस घेईल.

"चाक घ्या, खुर्ची घ्या," मावशीने कळवलं. "बिल्ला मिळणार नाही."

ती तो मुठीत धरून झोपते. सकाळी उठली की आधी मूठ उघडून बघते.