शेवटचं कार्ड

महिपतराव जिन्यावरूनच बोलत आले आणि हातातला उसाचा तुरा त्यांनी सिद्रामप्पा हत्तुरेंच्या टेबलावर आपटला. पांढरी लव सगळ्या कागदांवर पसरली.

“बगा. माझ्या उसाचा हाय हा. वीस एकर उभा हाय, आन् तुमचं मशीन त्याला तोडणीची चिठ्ठी देईना.”

१९७८चा फेब्रुवारी होता. सोलापुरात नव्या पेठेत, कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर सिद्रामप्पांचं कॉम्प्युटर सेंटर होतं. गारव्यात ठेवलेलं एक अवाढव्य मशीन आणि त्याच्या दिमतीला चार माणसं, एवढाच पसारा. साखर कारखान्याचं काम हे त्यांचं सर्वांत मोठं काम. प्रत्येक सभासदाच्या उसाचं एक पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर लागणीची तारीख आणि उसाची जात भोकांच्या रूपात. दर पंधरवड्याला मशीन ती कार्डं वाचायचं आणि तोडणीला आलेल्या उसाच्या चिठ्ठ्या छापायचं.

ही पद्धत आणली ती कारखान्याचे संचालक असलेल्या याच महिपतरावांनी. वशिल्याची तोडणी बंद, असं त्यांनी सभेत छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. माझ्यासुद्धा उसाला चिठ्ठीशिवाय कोयता लागणार नाही, असंही वर म्हणाले होते. टाळ्या भरपूर मिळाल्या. आता विरोधक रोज बांधावरून डोकावत होते आणि महिपतरावांना स्वतःच्याच रानात तोडणीची टोळी घालता येत नव्हती.

कार्डांना भोकं पाडायचं, पंचिंगचं काम करणारी वच्छला कागदांवरची लव झटकत पुढे आली. तुऱ्यावर बोट फिरवून ती हळूच म्हणाली, “दीड महिना तरी झाला हा फुटून.”

“व्हय की. दीड महिना झाला,” महिपतराव म्हणाले. “ऊस पोकळ पडाय लागलाय. आन् ह्यो कुणाचा उद्योग हाय ते मला ठावं हाय.” त्यांनी कोपऱ्यात उभ्या असलेल्या धोंडीरामकडे बोट केलं. “ह्याच्या मामाला मी निवडणुकीत पाडला. ह्यानंच लिवलंय की तुमचा प्रोग्रॅम? सांजच्याला ह्याला पोलिसात देतो. परत कुटं नोकरी करायचा न्हाय ह्यो.”

धोंडीराम टेंभुर्णीचा. चोविशीतला, हुशार, आणि हुशारीचा थोडा तोरा असलेला. तो तोरा आता पार उतरला होता. गावाकडे आई आणि दोन बहिणी त्याच्या एकट्याच्या नोकरीवर होत्या.

“संध्याकाळला वेळ आहे,” मागून आवाज आला. “तोवर चहा घ्या.”

शांतम्मा म्हेत्रे. सेंटरमधल्या सर्वांत जुन्या प्रोग्रॅमर. त्यांच्याकडे कापड गिरणीची कामं असायची. उसाच्या प्रोग्रॅमला त्यांनी हात लावला नव्हता. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, नाकावर कायमचा राग. हा राग माणसांपेक्षा चुकांवर असे, पण समोरच्याला ते कळायला वर्ष लागायचं.

त्यांनी प्रोग्रॅमचा छापील कागद टेबलभर पसरला आणि धोंडीरामला शेजारी बसवलं.

“शून्याच्या जागी ओ पडलाय का कुठे?”

“नाही बाई. दोनदा बघितलं.”

“बेरजेचा खण नव्या फेरीला रिकामा करतोस?”

“करतो.”

“तारीख तपासताना वर्ष आधी बघतोस की दिवस?”

“वर्ष.”

पेन्सिल एकेका ओळीवरून सरकत होती. म्हेत्रेबाई स्वतःच मशीन झाल्या होत्या. मनात एक कार्ड घ्यायचं, प्रोग्रॅम सांगेल तेवढंच करायचं, आपली अक्कल मध्ये घालायची नाही. बऱ्याच वेळानं पेन्सिल थांबली.

“धोंडीराम, तू एक कार्ड वाचतोस, हातात धरतोस, आणि पुढचं वाचल्यावर हातातल्याचा निकाल लावतोस. बरोबर?”

“हो.”

“कार्डं संपली की काय करतोस?”

“थांबतो.”

“आणि हातातलं?”

धोंडीरामनं कागदाकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. शेवटचं कार्ड वाचलं जात होतं, पण त्याचा निकाल लागतच नव्हता. ते हातातच राहून जायचं.

“पण मी तपासून बघितलं होतं, बाई. सगळी नावं आली होती.”

“तपासताना शेवटी कोरं कार्ड ठेवलं होतंस?”

“हो. सवयीनं.”

“मग गळालं ते कोरं कार्ड. नवशिके सगळे हे करतात. मीही केलंय. आणि कार्डं क्रमानं आलीत की नाही, हे कुठं बघतोस?”

“ते... राहिलं.”

पलीकडून महिपतरावांनी चहाची बशी खाली ठेवली. “कबूल झाला न्हवं? बोलवा पोलिसाला.”

“थांबा,” म्हेत्रेबाई म्हणाल्या. “ही चूक शेवटचं कार्ड गिळते. कुणाचं का असेना. कार्डं सभासद क्रमांकानं लावलेली असतात. तुमचा क्रमांक काय?”

“सात. कारखान्याच्या पायाचा दगड हाय मी.”

“मग तुमचं कार्ड पुढे पाहिजे. चुकीनं तुम्हालाच कसं धरलं?”

म्हेत्रेबाई उठल्या आणि मशीनच्या खोलीत गेल्या.

मशीन चालवणारा गुरुसिद्धप्पा अक्कलकोटकडचा, उंच आणि संथ. त्यानं कपाटातून उसाच्या कार्डांचा ट्रे काढून दिला. म्हेत्रेबाईंनी कार्डं घट्ट दाबली आणि वरच्या कडांकडे बघितलं. कडांवरून पेन्सिलीची एक तिरकी रेघ गेली होती, पहिल्या कार्डाच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत.

“ही रेघ तू मारलीस?”

“मीच की, अक्का. हंगामाच्या सुरुवातीला. ट्रे कधी हातातून पडला तर कार्डं परत लावायला सोपं जातं. रेघ जुळली की क्रम जुळला.”

“शेवटच्या कार्डाचं टोक बघ.”

गुरुसिद्धप्पा वाकला. शेवटच्या कार्डावरचा ठिपका उजवीकडे हवा होता. तो पार डावीकडे होता, पहिल्या कार्डांच्या रांगेत शोभावा असा. म्हेत्रेबाईंनी कार्ड उपसलं. क्रमांक सात.

“हे मी न्हाई ठेवलं, अक्का,” गुरुसिद्धप्पाचा आवाज बारीक झाला. “मी रेघ बघत बसत न्हाई की रोज. ट्रे पडला तरच बघतो.”

“त्याच्या आधीचं कार्ड बघ.”

त्या कार्डावर रेघच नव्हती. कड कोरी करकरीत. सोजरबाई, गाव करकंब, यंदाचीच नवी सभासद.

म्हेत्रेबाईंनी ते कार्ड उजेडात धरून बघितलं. मग म्हणाल्या, “हंगामाच्या सुरुवातीला ही सोजरबाई तक्रार घेऊन आली होती?”

“एक म्हातारी आली होती. ऊस राहिला म्हणून रडत होती. मी तिला पंचिंगच्या खोलीत पाठवलं.”

“पुन्हा आली?”

“न्हाई. दोन पाळ्यांनी, म्हंजी महिन्यानं, तिला चिठ्ठी मिळाली की.”

पंचिंगच्या खोलीत वच्छला एकटीच काम करायची. म्हेत्रेबाई दारात उभ्या राहिल्या.

“वच्छला, सोजरबाई नावाची म्हातारी तुझ्याकडे आली होती?”

“नाही, बाई.” बोटं कळांवर चालूच होती.

“तिचं कार्ड पुन्हा पंच केलंस?”

“कशाला करीन? आठवत नाही.”

“तू मूळची कुठली गं?”

“सोलापूरचीच. ऊस आम्ही रसवंतीतच बघितला.”

म्हेत्रेबाईंनी मान डोलावली आणि परत आल्या. दुपारचं ऊन जिन्यात आलं होतं. त्यांनी सगळ्यांना सिद्रामप्पांच्या टेबलाभोवती बोलावलं आणि ट्रे तुऱ्याशेजारी ठेवला.

“एक गोष्ट मला खटकली,” त्या म्हणाल्या. “चूक पहिल्या दिवसापासून प्रोग्रॅममध्ये होती. मग पहिल्या पाळीत ती कुणाला तरी लागली असणार. लागली. सोजरबाईला. नवी सभासद, म्हणून शेवटचं कार्ड. ती इथे येऊन रडून गेली. दोन पाळ्यांनी तिला चिठ्ठी मिळाली. पण प्रोग्रॅम आजही तसाच आहे, कुणी दुरुस्त केलेला नाही. चूक न काढता दुखणं गेलं, तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर गेलेलं असतं. इथे ते महिपतरावांच्या अंगावर गेलं, कारण त्यांचं कार्ड पुढून काढून सोजरबाईच्या मागे ठेवलं गेलं. पेन्सिलीची रेघ ते सांगते.”

“ह्यानंच ठेवलं,” महिपतराव म्हणाले.

“धोंडीरामला आपली चूक आज दुपारपर्यंत माहीतच नव्हती. तुम्ही त्याचं तोंड बघितलंत. माहीत असती तर त्यानं आधी ती झाकली असती. पोराला तोरा भारी आहे.” म्हेत्रेबाईंनी सोजरबाईचं कार्ड वर धरलं. “यावर रेघ नाही. म्हणजे रेघ मारल्यानंतर हे नव्यानं पंच झालं. कुणाला तरी वाटलं, कार्डात दोष आहे. नवं कार्ड घातलं, तरी पुढच्या पाळीत नाव येईना. तेव्हा कळलं की दोष कार्डात नाही, जागेत आहे. हे करायला पंचिंगचं मशीन लागतं. आणि सोजरबाई ज्या खोलीत गेली होती, तिथली बाई मला सांगते की कुणी आलंच नाही.”

सगळ्यांच्या माना वच्छलेकडे वळल्या.

“रसवंतीत तुरा येत नाही, वच्छला,” म्हेत्रेबाई म्हणाल्या. “सकाळी नुसतं बोट फिरवून तू सांगितलंस, दीड महिना झाला. ते ज्यानं उभा ऊस वाळताना बघितलाय त्यालाच कळतं.”

वच्छला बोलली तेव्हा तिची शहरी भाषा गळून पडली होती.

“करकंबाच्या मळ्यात बघितलाय. माज्या बापाचा. सभेत ह्याला एक प्रश्न इचारला आण्णांनी, तर ह्यानं आमच्या रानात टोळीच येऊ दिली न्हाय. तुरा आला, ऊस पोकळ पडला. रोज संध्याकाळी आण्णा एक कांडं मोडून बगायचे. शेवटाला आपल्याच हातानं पेटवला सगळा. मग हितं येऊन गिरणीत झाडू मारला, मरंस्तवर. आई अजून उसाची गाडी दिसली की पाठ करून उबी राहती.”

“कोण तुजा बाप?” महिपतरावांनी विचारलं.

“दगडू शिंगटे.”

महिपतरावांनी आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं, ते सगळ्यांना दिसलं. नाव त्यांच्या लक्षातच नव्हतं.

“आता ऱ्हाईल ध्यानात,” वच्छला म्हणाली. “आमी कसं बगत बसलो ते तुमाला दाखवायचं हुतं. पंधरा दिवसाला एकदा वाट बगायची, आन् नाव न्हाय. मला लई बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.”

“पोलिसात देतो तुला.”

“द्या की. एवढा राग कशाचा म्हणून कोर्टात इचारतील. मी सांगीन, सगळं करकंब बसलेलं असताना. वशिल्याची तोडणी कुणी केली, ते पण.”

महिपतरावांनी रुमाल काढून तोंड पुसलं. पोलिसाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

म्हेत्रेबाई मात्र आता खरोखर चिडल्या. “आणि हा?” त्यांनी धोंडीरामकडे हात केला. “सकाळपासून याला तुरुंगाची भीती घालताहेत आणि तू कळा बडवत बसलीस. न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा तुझ्या बापाला झाली. तीच तू याला देऊ दिली असतीस?”

इतका वेळ ताठ असलेली वच्छलेची मान पहिल्यांदा खाली गेली. “तेवढं चुकलं,” ती धोंडीरामला म्हणाली. “तुजं नाव घेतलं तवाच बोलायला पायजे हुतं मी. बाकीचं न्हाय चुकलं.”

धोंडीरामनं दुरुस्तीच्या ओळी कागदावर लिहिल्या. कार्डं संपली की हातातल्याचा निकाल लाव, मग थांब. ओळी पंच कुणी करायच्या, हा प्रश्न होता; पंचिंग येणारी एकच होती. वच्छलेनं कागद घेतला, खोलीत गेली आणि एकही चूक न करता कार्डं आणून दिली. गुरुसिद्धप्पानं क्रमांक सात आपल्या जागी ठेवला, रेघ जुळवून बघितली आणि मशीन चालू केलं. महिपतरावांचं नाव कागदावर आलं. शेवटच्या कार्डाचं, सोजरबाईचं नावही, चिठ्ठी आधीच दिल्याच्या नोंदीसह, शेवटी आलं.

महिपतराव चिठ्ठी हातात घेऊन बसून राहिले. वीस एकर आता तुटणार होता, पण त्यातला रस काही परत येणार नव्हता.

“उद्यापासून येऊ नकोस,” सिद्रामप्पा वच्छलेला म्हणाले. त्यांना ते बोलायला जड गेलं.

“नाही येत, साहेब.” तिनं खुंटीवरची पिशवी काढली, टेबलाशी आली आणि तो तुरा उचलला.

“त्यो माजा हाय,” महिपतराव म्हणाले.

“म्हणूनच नेते,” वच्छला म्हणाली. “आईला दाखवायचाय.”

तिनं तुरा मोडू नये म्हणून पदराखाली धरला आणि ती जिना उतरून गेली.