वैनगंगेच्या खडकावरची शेरणी

माधवीला एकच झाड हवं होतं, पण बल्लारपूरच्या मे महिन्यात कुंडीत तग धरणारं! कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता तिला बोन्सायचा नाद लागला होता, आणि दहा वर्षांत बाहेरून मागवलेले तिचे थंड हवेतले सगळे ज्युनिपर उन्हाळ्यात करपून गेले होते. मग इथलंच काहीतरी शोधायचं तिनं ठरवलं. नदीच्या पात्रात, खडकाच्या भेगेत वाढणाऱ्या शेरणी नावाच्या झुडपाबद्दल तिनं वाचलं होतं. पावसाळ्यात ते पुराखाली बुडून राहतं आणि उरलेलं वर्ष तापलेल्या खडकावर काढतं. असं झाड कुंडीत कसं वागेल? वनखात्यानं एक झाड उचलायची परवानगी दिली आणि फेब्रुवारीच्या शेवटी ती आष्टीच्या पुढे वैनगंगेच्या काठावर येऊन पोचली.

पात्रात न्यायला डोंगा, म्हणजे छोटी लाकडी होडी, इस्तारीभाऊंचा होता. वय साठीच्या पुढे, सारा जन्म या पात्रात जाळी टाकण्यात गेलेला. त्यांची बायको बायनाबाईही सोबत आली. मॅडम नदीत झाड शोधते म्हणजे काय करते, हे तिला बघायचंच होतं.

पहिल्या खडकावर लांबट पानांचं एक झुडूप दिसलं. माधवीनं पान चुरगळून हुंगलं. जांभळाचं रोप! दुसऱ्या खडकावर नुसता करंज. उन्हं चढली, पाणी संथ होतं, पाणकावळे पंख वाळवत बसले होते. तिसरा खडक पात्राच्या ऐन मध्यावर, चांगला अंगणाएवढा होता. तिथं पोचल्यावर माधवीनं एका झुडपाचं पान उलटून पाहिलं. पानाची खालची बाजू चंदेरी, जणू कुणी भुकटी उधळावी तशी. फांदीला तांबूस फुलांचे तुरे.

"हेच ते!" ती म्हणाली.

इस्तारीभाऊंना हसू आलं. याला तर आपण डोंगा बांधतो, त्यांनी सांगितलं, बापही इथंच बांधायचा. नाव ठेवायचं कधी कुणाच्या मनात आलं नव्हतं.

खडकाच्या खालच्या टोकाला सगळ्यांत जुनं झाड होतं. उंची गुडघ्याएवढी, खोड मात्र मांडीसारखं जाड. पुरानं ते वाकवून वाकवून एका बाजूला कलवलेलं, सालीवर खोल सुरकुत्या. असं खोड घडवायला माणसाला अख्खा जन्म पुरला नसता. परवानगी एकाच झाडाची होती, आणि ते कोणतं हे माधवीनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

छिन्नी, हातोडा, सब्बल. वाळू उपसली, भेगेतले दगड काढले. पण मुख्य मूळ मनगटाएवढं जाड होतं आणि ते खडकाच्या पोटात खोल शिरलं होतं. दोन तास झाले, तीन झाले. मुळाचा शेवट काही लागेना.

तेवढ्यात इस्तारीभाऊ उभे राहिले. वरच्या अंगाकडे पाहत त्यांनी नदीत हात बुडवला.

"मॅडम, पानी गढूळ येऊन राह्यलं. वर कुठीतरी अवकाळी पाऊस जोरात पडला. निघा."

माधवीनं मान वर केली. आभाळ तर निळंभोर होतं. पण पाण्यावरून फेस येत होता, वाळकी पानं येत होती. दहा मिनिटं थांबा, म्हणत तिनं करवत काढली. मूळ इथंच कापायचं. झाड जगलं तर जगलं! करवतीचे दात मुळाला टेकले. त्याच वेळी पाणी तिच्या घोट्याला लागलं.

बायनाबाई पलीकडच्या बाजूला वाळू चाचपत होती. तिनं एक फांदी वर ओढली. कधीतरी पुरानं ती फांदी वाळूत दाबली होती आणि तिच्या पोटाला मुळांचा झुबका सुटला होता. नदीनं स्वतःच दाबकलम केलं होतं!

"ही लेक घ्या नं, मॅडम. मायले काऊन तोडता?"

फांदी अंगठ्याएवढी होती. माधवीनं त्या जाड खोडाकडे पाहिलं. मग तिनं करवत उचलली, फांदी मायझाडापासून सोडवली, मुळं वाळूसकट ओल्या गोणपाटात बांधली.

"चला!"

पाणी गुडघ्याला आलं. खडकावरच्या शेवाळावरून माधवी घसरली, गोणपाट छातीशी धरून आडवी पडली. प्रवाहानं तिला ओढलं! बायनाबाईनं तिच्या दंडाला धरलं आणि दोघी डोंग्यात कोसळल्या. इस्तारीभाऊंनी दोर सोडला. डोंगा गरकन फिरला. एक ओंडका घासून गेला. डोंगा रेटायचा बांबू खडकात अडकला, वाकला, मोडला! उरलेल्या अर्ध्या बांबूनं ते डोंगा काठाकडे रेटत राहिले. कोसभर खाली वाहून गेल्यावर डोंगा वाळूत रुतला, तेव्हा तिघंही नुसती धापा टाकत बसली. मागे वळून पाहिलं, तर खडक पाण्याखाली गेला होता.

बल्लारपूरला माधवीनं फांदी जाड वाळूत लावली, सावलीत ठेवली, रोज पाणी घातलं. आठ दिवसांत सगळी पानं गळाली. महिना गेला. नखानं साल खरवडली की आत हिरवं दिसायचं, पण फुटवा येईना. जास्त पाणी होतंय की कमी, तिला कळेना.

एप्रिलमध्ये भाचीच्या लग्नासाठी बल्लारपूरला आलेली बायनाबाई झाड बघायला घरी आली. कुंडीत बोट घालून ती बराच वेळ बसली.

"पानी साचून राह्यते इथी," ती शेवटी म्हणाली. "तिथी तं ते वाहते."

इतकी वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवूनही माधवीला हे सुचलं नव्हतं. तिनं कुंडीचं खालचं भोक मोठं केलं, वाळूत बारीक खडी मिसळली आणि माठाला नळी लावून थेंबथेंब पाणी सतत वाहतं ठेवलं. नवव्या दिवशी सकाळी खोडाच्या बगलेत मोहरीएवढा लाल ठिपका दिसला. दुपारपर्यंत तिनं तो पाच वेळा पाहिला. मग फोन लावला.

बायनाबाईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आता छाटाल काय त्याले?" तिनं विचारलं.

"नाही, बाई," माधवी म्हणाली. "आधी त्याला हवं तसं वाढू दे. ते कसं वाढतं, तेच मला अजून पाहायचंय."