मुक्या वायूचा वास

वेतुरियाबाईंनी आल्याआल्या खारवलेल्या कोबीची बरणी टेबलावर आदळली.

"आज चार वाजता आमच्या फुंतिनेल गावाच्या मालकीचं गॅसकोठार विकायला निघालेत! शेताखालचा जुना वायू संपला, तिथल्याच खडकात आम्ही उन्हाळ्यात स्वस्त गॅस भरतो, हिवाळ्यात महाग झाला की विकतो. माझी नात आंका त्या नोकरीसाठीच गावी परतलीय. कोठार गेलं की तीही जाईल."

"मग विकता कशाला?" स्मारांदाने विचारलं. राजधानीत खासगी तपासात तिचं नाव होतं.

"गेला हिवाळा उबदार गेला, भाव चढलाच नाही. त्यात समुद्राकडून नवी पाइपलाइन येतेय. लोक म्हणतात, गॅस बारमाही मिळणार, कोठार हवंय कुणाला? आणि आता गॅसच्या विहिरींपाशी वास सुटलाय. गळतंय म्हणे. एक दलाल मातीमोल भावाने घ्यायला तयार आहे."

"भला माणूस दिसतो," तितू म्हणाला. हा निवृत्त पोलीस स्मारांदाचा जोडीदार.

"गळका माठ विकत घेणारा एक तर वेडा असतो, तितूकाका, नाहीतर माठ गळत नसतो."

विहिरींवर इंजिनियर ओक्ताव भेटला. चेहरा पडलेला, पण बोलणं घोटीव.

"वीस वर्षं इथे काढली, बाई. वास आला आणि ओळखलं, आपलाच गॅस."

"दाबाचा काटा काय म्हणतो?"

"हललेला नाही. पण काटा बिघडतो, नाक नाही."

तितूने नाक फेंदारलं. घरी शेगडी चालू राहिली की येतो, अगदी तोच वास. त्याला वेतुरियाबाईंची कीव आली.

पुढे वेशीवरचं गॅसवाटपाचं ठाणं. मोठ्या नळातला गॅस इथून गावातल्या घरांत जाई. तिथला कामगार आउरेल कपाटाला पाठ लावून उभा होता.

"तुमच्याकडेही वास आहेच की," तितू म्हणाला.

"असणारच. इथवर गॅस मुका येतो. त्याला वासाचं औषध मी पाजतो, म्हणून गळती झाली तर गावाला कळतं."

"औषध कुलपात?" स्मारांदाने विचारलं.

"हो. एक किल्ली माझी, एक ओक्तावसाहेबांची." एवढं बोलून त्याने घाम पुसला.

चार वाजता सभागृह खच्चून भरलं. दलालाने पेन उघडलं होतं. स्मारांदा बरणी घेऊनच उठली.

"वेतुरियाबाई, कोबी जास्त पिकला की तुम्ही तो खारवायची पिंपं विकता?"

"विकते कसली! शेजारणीकडून आणखी आणते!"

"पाइपलाइन बारा महिने सारखाच गॅस आणणार. तुम्ही जाळणार थंडीत. मग उन्हाळ्यातला ठेवायचा कुठे? कोठाराचा भाव आता चढणार, हे या दलालसाहेबांना कळलंय. स्वस्तात हवं, तर गावाला घाबरवायला हवं."

"पण वास तर आम्हीही घेतला!" कुणीतरी ओरडलं.

"घेतलात. पण खडकातल्या गॅसला वास नसतोच. आउरेल इथे वेशीवर तो घालतो. म्हणजे विहिरींपाशी गॅस नव्हे, औषध सांडलंय. आउरेल, एक डबा कमी आहे ना?"

आउरेल उठला. "कमी आहे, बाई. आळ माझ्यावर येईल म्हणून गप्प बसलो. चुकलं माझं."

"दुसरी किल्ली ओक्तावकडे. आउरेलने ते औषध विहिरींवर ओतलं असतं, तर प्रामाणिक इंजिनियर पहिल्याच दिवशी म्हणाला असता, हा आपला गॅस नव्हे. हा मात्र मला म्हणाला, वासावरून ओळखलं! मी राजधानीची, गॅस फक्त शेगडीवर पाहिलेली, असं त्याने धरलं."

ओक्तावने दलालाकडे पाहिलं. दलाल पेन खिशात घालत होता.

"यांनी मला कोठारात भागीदारी कबूल केली होती," ओक्ताव पुटपुटला. तितूने शांतपणे दार अडवलं. शेगडीच्या वासाला आपणही भुललो, याची त्याला भारी लाज वाटली.

वेतुरियाबाईंनी डोळे पुसले आणि सभेकडे वळल्या. "बोला, पिंपं विकायची की ठेवायची?"

"ठेवायची, आजी!" मागच्या बाकावरून आंका सगळ्यांत मोठ्याने ओरडली. "आणि वाढवायची!"