काला होऊ दे

फाल्गुनातली सकाळ होती. वैनगंगेचं पाणी निवळलं होतं आणि झिंगू नावाड्याचा डोंगा मार्कंड्याच्या वाटेला लागला होता. डोंग्यात वारलू, त्याची बायको कमळा, त्याची थोरली बहीण धुरपता. आणि कमळेच्या मांडीवर लाल फडक्यानं तोंड बांधलेलं मडकं.

मडक्यात त्यांची नऊ वर्षांची मयुरी होती. आषाढात पोरीला मण्यार डसली. तेव्हापासून अस्थी परसातल्या झाडाला टांगून होत्या. त्या सोडायला मार्कंड्याला जायचं नाव काढलं की कमळा उठून कामाला लागायची. शेवटी धुरपताच कमळेसाठी नवं लुगडं घेऊन आली आणि हट्टानं सगळ्यांना घेऊन निघाली.

"तिघंच तर बसले, मंग डोंगा एवढा खाली काऊन गेला?" झिंगूनं विचारलं.

"मीच जड हो, बाबा! बोलून टाक एकदाचं," धुरपता म्हणाली. वारलूही हसला. मग ती कमळेकडे वळली, "कोरं लुगडं हाय, पदर जप."

"आता कोण पुसते त्याले हात," कमळा म्हणाली.

जेवून उठलं की मयुरीचे हात आईच्याच पदराला. मारूनसुद्धा ती खोड गेली नव्हती.

दुपारच्या आधी समोरून वारा सुटला. झिंगूनं डोंगा मधल्या वाळूच्या बेटाला लावला. तिथं टरबुजाच्या वाड्या होत्या आणि वाडीवाल्यांनी हरिनामाचा सप्ताह मांडला होता. आज शेवटचं, काल्याचं कीर्तन. हरिदास महाराज डोळ्यांनी अधू. पण गळा असा, की ऐकणाऱ्याच्या पोटातलं दुःख आपणहून बाहेर येऊन देवासमोर बसावं.

कमळा मडकं घेऊन कडेला बसली. तिला मागचा फाल्गुन आठवला. गावातलं असंच कीर्तन. लग्नाला जायचं, एसटी चुकेल, म्हणून तिनं मयुरीला दंडाला धरून उठवलं होतं. "आई, काला होऊ दे ना!" पोर रडत रडत निघाली होती. काला घेतल्याशिवाय उठू नये, हे काय कमळेला ठाऊक नव्हतं? एसटी तर तासभर उशिरानं आली.

महाराजांनी गजर धरला. मंडपभर टाळ्या पडू लागल्या. कमळेच्या उजव्या बाजूला एक टाळी दरवेळी मागाहून पडत होती. बारीक, एकच.

मयुरीची टाळी अशीच मागं राहायची. गाव हसायचं.

कमळेनं वळून पाहिलं नाही. वळलं तर थांबेल, असं तिला वाटलं.

"ऊठ कमळे, वारा पडला," धुरपता कानाशी म्हणाली.

"काला होऊ द्या, बाई."

गजर संपला. महाराज पोहे, लाह्या, दह्याचा काला घेऊन स्वतः रांगेतून निघाले. चाचपून ओंजळ शोधायची, घास ठेवायचा. वारलूला दिला, धुरपताला दिला, कमळेला दिला. मग ते तिच्या उजवीकडे खाली वाकले.

"तू बी घे, माय. दोनी हात पुढं कर. हां."

त्यांनी मूठ उघडली.

वाळूवर काही पडलं नाही.

वारलूचा घास हातातच राहिला.

"महाराज," कमळेनं विचारलं, "तिनं घेतला?"

"घेतला न. कवाची ताटकळून राह्यली होती." ते पुढे सरकले, मग थांबले. "काला घेतला का उठा लागते, माय. सगळ्याइलेच."

कमळेला उमगलं, पण उशिरा. तिनं उजवीकडे हात घातला.

नुसती ऊन वाळू.

डोंगा सुटला. "आता पाहा, कसा हलका चालून राह्यला!" झिंगू म्हणाला.

"फिरवा ना, झिंगूभाऊ," कमळा म्हणत होती. "मीच काला होऊ देल्ला. मीच उठवली. फिरवा ना." वारलूनं तिला दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

मार्कंड्याला, नदी उत्तरेकडे वळते तिथं, दोघं नवरा-बायको गुडघाभर पाण्यात उतरले. वारलूनं फडक्याची गाठ सोडली.

"पदर आवर, भिजते," धुरपता काठावरून म्हणाली.

कमळेनं पदर उचलला. टोकाशी, नव्या कोऱ्या कापडावर, चार बारीक बोटं ओढलेली होती. एक लाही चिकटली होती.

दही अजून ओलं होतं.