माझी गाडी मीच सुरू करणार

तो माझी सीट फाडत होता. अगदी निवांत, मांडी घालून, धारदार सुरीनं — आणि वर शीळ घालत!

"अहो! काय चाललंय हे? ती सीट माझी आहे!"

त्यानं मान वर केली. भंगाराच्या त्या ढिगाऱ्यात बसल्यामुळं त्याच्या केसांत कापसाचा एक पुंजका अडकला होता. तो त्याला शोभत होता, म्हणून मला जास्तच राग आला.

"तुमची? मग आत राहणाऱ्या उंदरांकडून भाडं घेता की नाही?"

"मी भंगारवाल्या काकांना आधीच सांगून ठेवलंय. विचारा त्यांना!"

भंगारवाले काका आमच्याकडे न बघता चहा प्यायला निघून गेले. सांगून ठेवलेल्या गोष्टीची त्यांच्याकडे एवढीच किंमत.

"मला फक्त आतल्या स्प्रिंगा हव्यात," तो म्हणाला. "मी गाड्यांच्या सीटा शिवतो. गाड्यांचा शिंपी म्हणा ना. पण तुम्हाला हा सांगाडा कशाला हवाय?"

मग आत्याच्या गाडीची सगळी हकिगत मी त्याला सांगितली. सांगितली कसली, भांडता भांडता तोंडून निघून गेली. आमच्या घरामागच्या शेडमध्ये ती कित्येक वर्षं उभी होती. फुगीर मडगार्डं, एकेकाळचा पिस्ता रंग आणि पुढून हँडल मारून सुरू करायचं इंजिन. आत्या गेली आणि गाडीवर जुन्या गाद्या, मोडके पंखे, रिकामे डबे चढले, आतली सीट कुजून गेली. बाबांना शेड भाड्यानं द्यायची होती. मी हट्ट धरला, तेव्हा ते म्हणाले, "पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारपर्यंत सुरू करून दाखव. नाहीतर भंगारवाला घेऊन जाईल." मला गाड्यांमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मी दातांच्या दवाखान्यात पेशंटांचे नंबर लावते. त्या पगारात नवा सुटा भाग घ्यायचा तर दहादा विचार करावा लागायचा, म्हणून डॉक्टरांनी टाकून दिलेले ब्रश आणि दात कोरायच्या सळया हीच माझी हत्यारं.

तो हसला. मी त्याच्याकडे असं काही बघितलं की हसायचा थांबला.

"बरं, दाताच्या मॅडम... सीट मी शिवून देतो."

"फुकट नको."

"फुकट कोण देतंय? माझ्या आईची दाढ ठणकतेय आणि तुमच्याकडे नंबर लागत नाहीये."

"म्हणजे वशिला?"

"छे, छे. देवाणघेवाण!"

त्याच्या आईचा नंबर मी लावला. तो सीट घेऊन आला. मग ती बसवायला आला. मग बसवलेली सीट नीट बसली आहे ना, हे बघायला आला. त्यानंतर कारण सांगायचंही त्यानं सोडून दिलं, आणि मी विचारायचं.

संध्याकाळी शेडच्या पत्र्यावर पावसाची भुरभुर चालायची. तो गाडीच्या दाराचं अस्तर शिवत बसायचा, ओठांत सुई धरून. मी इंजिनात डोकं घालून. मधेच मान वर करावी तर तो माझ्याकडे बघत असायचा, आणि पकडला गेला की दोरा ओवायला लागायचा. ओवलेलाच दोरा!

"तुमच्या नाकाला ग्रीस लागलंय," एकदा तो म्हणाला.

"असू दे."

"पुसू?"

"हात तोडीन."

त्यानं रुमाल मुकाट्यानं खिशात ठेवला. मला वाईट वाटलं... पण ते मी त्याला कशाला सांगू?

इंजिन मात्र ऐकत नव्हतं. हँडल मारलं की खोकायचं, फाटकन आवाज करायचं, काळा धूर ओकायचं आणि गप्प. दोष कार्बोरेटरचाच, याबद्दल माझी खात्री होती. पेट्रोल आणि हवा तिथंच मिसळतात, तेव्हा घाण तिथंच असणार! म्हणून मी तो पुन्हा पुन्हा उघडायचे, काढलेला प्रत्येक भाग जुन्या चादरीवर क्रमानं मांडायचे, दात कोरायच्या सळीनं कोरायचे आणि पुन्हा जोडायचे.

"माझा एक मित्र मेकॅनिक आहे," तो एकदा हळूच म्हणाला. "नुसतं बघून जाईल..."

"नको."

"अहो, पण —"

"नको म्हटलं ना! लहानपणापासून मी हातात घेतलेलं प्रत्येक काम कुणीतरी येऊन पुरं केलंय. चित्र मी काढायचं, रंग आई भरणार. सायकल मी उघडायची, चेन बाबा बसवणार. आणि नंतर सगळे म्हणणार, हिला नाही जमत. एवढी एक गोष्ट माझी राहू दे."

त्यानं हातातली सुई अस्तरात खोचली. "बरं," म्हणाला.

त्या 'बरं'वर मी विश्वास ठेवला. इथंच चुकलं.

त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी दवाखान्यातून घरी येत होते, तर गल्लीच्या तोंडाशीच एक आवाज कानावर आला. एकसारखा, गोड, घरघरणारा. मी धावतच शेडमध्ये शिरले. गाडी सुरू होती! बाबा बाजूला उभे होते, अगदी खूश. आणि तो तेलकट हात पुसत, बक्षीस मिळवलेल्या मुलासारखा हसत होता.

"बघ, झाली सुरू," बाबा म्हणाले. "याच्या मित्रानं दहा मिनिटांत केलं. मला वाटलंच होतं, शेवटी कुणालातरी बोलवावंच लागणार. असो, राहू दे आता गाडी."

सुटे भाग मांडून ठेवलेली माझी चादर जमिनीवर नव्हती. ती धुऊन, घडी घालून नव्या सीटवर ठेवलेली होती. चादर धुतली होती त्यानं! माझा क्रम उधळला आणि वर चादर धुऊन दिली!

मी इंजिन बंद केलं.

"काय झालं?" त्याचं हसू ओसरलं. "अगं... अहो, परवा रविवार. गाडी गेली असती. मला ते बघवलं नसतं."

"तुला बघवलं नसतं! म्हणून माझी इतक्या दिवसांची मेहनत तू दुसऱ्याच्या हातात दिलीस? मी तुला सांगितलं नव्हतं? तू 'बरं' म्हणाला नव्हतास?"

रागाच्या भरात मी त्याला अरेतुरे करत होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्याच्या बहुधा तेव्हाच आलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले. पण तो एवढंच म्हणाला, "चुकलं माझं."

"चुकलंच!" मी बॉनेटमध्ये हात घातला, दिसतील त्या तारा खेचून काढल्या आणि कार्बोरेटरही उतरवला. बाबा "अगं, अगं" करत राहिले.

"बाबा, तुमची अट होती मी सुरू करून दाखवायची. रविवारी मीच करणार. नाही झाली, तर खुशाल भंगारात द्या." मग त्याच्याकडे वळून म्हटलं, "आणि त्या मित्रानं काय केलं, ते मला सांगायचं नाही. एक अक्षरसुद्धा!"

शनिवारभर मी एकटी राबले. चार सिलिंडरना ठिणगी नेणाऱ्या चार तारा मी पूर्वी लावल्या होत्या तशाच लावल्या. सरळ एक, दोन, तीन, चार. त्यात काय चुकायचंय?

रविवारी सकाळी भंगारवाले काका टेम्पो घेऊन हजर. तोही आला होता, दाराशी अवघडून उभा. मी हँडल मारलं. इंजिन खोकलं. फाट! काळा धूर. पुन्हा मारलं. पुन्हा तेच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुरामुळं नव्हतं.

तो ओठ चावत होता. शेडमध्ये सगळीकडे बघत होता, फक्त इंजिनाच्या एका बाजूकडे बघत नव्हता.

"तुला माहीत आहे ना?"

"आहे."

"मग तोंड फिरवून उभा राहा! तुझ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं दिसतंय. मला नको तुझा चेहरा."

तो वळला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. रागावला नाही, पुटपुटला नाही. त्याची ती पाठ बघून माझं काळीज हललं... पण हातात वेळ कुठं होता!

मी स्वतःला विचारलं, कार्बोरेटर इतक्यांदा धुतला, त्यानं फरक पडला? नाही. मग रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं तर नाही? ठिणगी पडते, पण ज्याची पाळी आहे त्यालाच पडते का? आणि कुणाची पाळी कधी, हे इंजिनालाच का विचारू नये?

मी ठिणगी पाडणारे चारही प्लग काढले. "बाबा, हँडल फिरवा. सावकाश."

"मी?"

"तुम्हीच. फक्त फिरवायचं, करायचं काही नाही."

बाबा बाह्या सरसावून वाकले. मी प्लगच्या पहिल्या भोकावर अंगठा ठेवला. आतली हवा दाबली गेली आणि तिनं अंगठा ढकलून दिला. लगेच एक अंगठा दुसऱ्यावर ठेवला, एक तिसऱ्यावर. दुसरं भोक गप्प. आणि तिसऱ्यानं... ढकललं!

"बाबा! एकानंतर तीन! परत फिरवा!"

तीननंतर चार. चारनंतर दोन. सरळ क्रम नव्हताच मुळी! दुसऱ्याची ठिणगी मी तिसऱ्याच्या वेळी पाडत बसले होते, आणि शिव्या त्या बिचाऱ्या कार्बोरेटरला देत होते. तारा एकेक करून बदलल्या. प्लग घट्ट केले. काका टेम्पोचा दोर सोडायचे थांबले.

मी हँडल मारलं.

गाडी सुरू झाली. आत्याची गाडी, माझ्या हातानं! सगळी शेड थरथरायला लागली. बाबांनी माझ्या डोक्यावर तेलकट हात ठेवला. काका "चला, फुकटची फेरी" म्हणत टेम्पोकडे गेले.

तो मात्र अजून भिंतीकडेच तोंड करून उभा. मी जाऊन त्याला खांद्याला धरून वळवलं. त्याचे डोळे ओले होते.

"बोलू का आता?" तो ओरडला, कारण इंजिनापुढं काही ऐकू येत नव्हतं.

"बोल!"

"मला तू आवडतेस!"

"काय?"

"आवडतेस! तू! मला! अगं, इंजिन बंद कर ना जरा!"

"बंद? वेडा आहेस का? परत सुरू नाही झालं तर?"

"मग माझं उत्तर?"

काय हा माणूस! एवढी नाजूक गोष्ट विचारायची, तीही बाबांसमोर, गल्ली गोळा झालेली असताना, आणि अशा आवाजात! मला इतका राग आला, इतका राग आला, की मी त्याची कॉलर धरून त्याच्या कानाशी गेले आणि घसा फुटेस्तोवर ओरडले —

"मलाही तू आवडतोस!"

नेमकं तेव्हाच इंजिन बंद पडलं.

माझं शेवटचं 'आवडतोस' त्या शांततेत गल्लीभर घुमलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत आईनं तोंडाला पदर लावला. बाबांनी माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि हँडल उचलून माझ्या हातात दिलं.

"कर सुरू," ते म्हणाले. "तुलाच जमतंय ते."